रोक्काफोर्नोची डावी बाजू

अल अझीझिया, जेद्दा
जुम्मा, १४ नोव्हेंबर २०२५

बेटी मेहेक,

अस्सलामु अलैकुम. अल्लाहच्या करमाने तू खुशाल असशील. मीही ठीक आहे.

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात पोचलं. आतला माल असा: रोक्काफोर्नो क्लबच्या इतिहासाचं जाड पुस्तक एक, विटकरी जर्सी एक, लोकरीचा मफलर एक, बिस्किटांचा डबा एक. कस्टमचे बासष्ट रियाल पडले. मी इद्दतीत परक्या माणसासमोर जात नाही, म्हणून शेजारची जोहरा दारात गेली. तिने घासाघीस करून पाहिली, तर तो डिलिव्हरीवाला म्हणतो, "आपा, ये सरकार का है, सब्जी का ठेला नहीं." दिले मग. जर्सीच्या किमतीची चिठ्ठी तू कापून टाकलीस. बरं केलंस, किंमत कळली असती तर मी बोलले असते.

डबा अजून उघडला नाही. त्यावर काय काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. त्यात दारू किंवा चरबी नाही ना, तेवढं सांग.

फोनवर तू विचारतेस, "अम्मी, कशी आहेस?" आणि मी "ठीक" म्हणते, मग दोघी गप्प. म्हणून हा कागद घेतला. तुझ्या शाळेत मराठी नव्हतं, घरी मीच तुला शिकवलं, ते आता उपयोगी पडतंय. पुस्तकात प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने दोन-दोन ओळी मराठीत लिहिल्यास, त्यामुळे मला सगळं वाचता आलं. रोज दुपारच्या नमाजनंतर थोडं थोडं वाचते. दुसरं काम फारसं नाही. एका माणसाची भांडी किती असणार.

पुस्तकातलं बरंचसं मला आधीच ठाऊक निघालं. तुझे अब्बा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर लागले तेव्हा पंप बसवायला आलेले रोक्काफोर्नोचे रेंझोसाहेब त्यांना जेवणाच्या सुट्टीत हेच सांगायचे, आणि हे घरी येऊन मला. वीटभट्टीच्या मजुरांनी क्लब काढला. माती काढून खड्डा झाला होता, त्यालाच मैदान केलं. पाऊस आला की गोलकीपर घोट्याएवढ्या पाण्यात. लढाईच्या थंडीत गावाने गोलचे खांब सरपणाला तोडले आणि लढाई संपल्यावर पहिले खांबच उभे केले. एक वर्ष चौथ्या डिव्हिजनमध्ये चढले, त्याच वर्षी परत उतरले. आणि तीनदा बुडाले.

"तीनदा बुडालेल्या दुकानाचं काय एवढं कौतुक?" मी एकदा म्हटलं होतं.

"बुडालं नाही, हाजरा. नाव बदललं. माणसं तीच, जर्सी तीच."

"मग उधारीवाल्यांनी काय करायचं?"

"ते पण मॅच बघायला येतात," म्हणाले.

इटलीचे मोठे क्लब इथे जेद्दात कप खेळायला आले, तेव्हा झैदभाई, जोहराचा नवरा, फुकटचं तिकीट घेऊन आला होता. हे गेले नाहीत. म्हणाले, "आमचे येतील तेव्हा जाईन." झैदभाई हसला. म्हणाला, "नदीमभाई, तुमच्यांना जेद्दा सोडा, शेजारच्या गावाला जायला बस परवडत नाही." तेही हसले.

जर्सी अब्बांच्या मापाची आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंयस की जूनमध्येच घेऊन ठेवली होती, पाठवायचा धीर झाला नाही. मी घडी न मोडता कपाटात ठेवली. त्यांचे बाकीचे कपडे झैदभाईने नेऊन वाटले. ही राहू दे.

तू विचारलं होतंस, कबरीचा फोटो आहे का. नाही. ते दुपारी गेले आणि संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर दफन झालं. इथली रीत तुला माहीत आहे. बायका जात नाहीत. झैदभाईने ओळ सांगितली, पण तिथे सगळे दगड सारखे आणि नाव कुणावरच नाही. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही. अल्लाहला पाटी वाचावी लागत नाही. पण कोणी विचारलं तर मला बोट दाखवता येणार नाही, एवढंच. जोहरा म्हणते, रडून घे. बसते मी तिच्याजवळ. रडू येत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचआधी अब्बांसाठी सगळे एक मिनिट गप्प उभे राहिले, हे तू लिहिलंस. फातिहा नाही, काही नाही, नुसतं गप्प. मी तसंच करून पाहिलं. मग लक्षात आलं, चार महिने होत आले, मी तेच करत्ये.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगायला जमली नाही.

खेडच्या स्थळाला तू नाही म्हणालीस आणि तिकडे इटलीतच नोकरी धरलीस, तेव्हापासून अब्बा तुझ्याशी बोलले नाहीत. घरात तुझं नाव घेत नव्हते. "तुझी लेक" म्हणायचे. तुला वाटत असेल, त्यांनी तुला टाकलं. पण रविवारी असरची नमाज झाली की फोन डब्याला टेकवून बसायचे. क्लबची मॅच फेसबुकवर दिसते ना, तीच ती, काठीला बांधलेल्या एका कॅमेऱ्याची. आणि हे कॅमेऱ्यावर ओरडायचे. "अरे फिरव इकडे! तिकडे काय आहे?"

मी म्हटलं, "तिकडे बॉल आहे."

"बॉल काय, रोजचाच आहे."

मला कळायला पुष्कळ रविवार लागले. मॅच उजवीकडे चाललेली असायची आणि ते डावीकडे बघायचे. डाव्या कोपऱ्यात विटांच्या भिंतीखाली तू बसतेस. चेहरा दिसत नाही, एवढीशी दिसतेस, पण मान खाजवायची खोड माझीच आहे. त्यांनीही ओळखलं होतं. एकदा म्हणाले, "तुझ्या लेकीच्या गळ्यात काही नाही, थंडी केवढी आहे." एकदा म्हणाले, "शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरते. कोणाला धरते?" मी म्हटलं, "फोन करून विचारा." त्यांनी मॅचचा आवाज मोठा केला.

एवढंच आहे. मी उगाच जोडून सांगणार नाही.

भिंतीचं तू विचारलंस. तिसऱ्यांदा उभं राहताना गावाने एकेक वीट आणून ती बांधली आणि आता क्लबचं जे माणूस जातं त्याचं नाव एका विटेवर कोरतात, हे पुस्तकात आहे. रेंझोसाहेबांच्या विटेचा फोटो पण पाहिला. अब्बांचं नाव कोरायला माझी परवानगी मागतेस. मी चार दिवस विचार केला. भिंत ही कबर नव्हे. ती कोणी पुजत नाही, तिला टेकून बसतात. तेव्हा कोरा. नुसतं नाव. तारीख नको, फूल नको, अरबी आयत तर अजिबात नको, लोकांचे पाय लागतील, बॉल लागेल. वीट डावीकडे, कॅमेऱ्यात येईल अशी बघ.

माझे इद्दतीचे चार महिने दहा दिवस दोन-अडीच आठवड्यांत पुरे होतील. माझा राहायचा परवाना, इकामा, त्यांच्या नावावर होता, त्यांना कामावर ठेवणाऱ्या कफीलने माणुसकीने तोवर थांबू दिलं, पुढे मला इथे राहता येणार नाही. तुझे अलीकाका गुहागरहून रोज फोन करतात. मुंबईचं तिकीट काढतो म्हणतात, माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. चांगले आहेत ते. मी त्यांना अजून हो म्हटलं नाही. एका जागी निरोप पाठवायचा आहे, तिथून काय येतं बघते, एवढं सांगितलं. कुठे ते सांगितलं नाही. तिकडे थंडी फार, भाषा येत नाही, व्हिसाचं काय असतं ते कळत नाही, आणि मी कोणाच्या घरात पसारा होऊन राहणारी नाही. स्वयंपाक मात्र दोन माणसांचाच करायची सवय आहे, ती सुटत नाही.

मफलर लोकरीचा आहे. जेद्दात कोणी घालत नाही, गुहागरातही नाही. तरी मी तो हातबॅगेत घातला आहे.

शराफिया मोहल्ल्यातल्या कुरियरने हे पत्र पाठवते. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर तू अजून पिशवी ठेवतेस का, तेवढं उलट टपाली कळव. अलीभाईंना तोवर थांबवून धरते.

दुआगो,
तुझी अम्मी
हाजरा