बंटीच्या गाडीचं इंजिन

८ सप्टें., सोम.
पितृपक्ष लागला. बायकोचा, वर्षाचा, हुकूम: अमावास्येपर्यंत घरात खिळासुद्धा विकत आणायचा नाही. म्हटलं, अवं, गुढियारीच्या भंगारवाल्या भैयानं माझ्यासाठी इंजिन बाजूले काढून ठेवलंय, दुसरा कोणी उचलून नेईल. "नेऊ द्या! पितरांच्या दिवसात विमानाचं इंजिन? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" बायकोपुढे कोणाचं चालते! मी घरीच बांधून राहिलेलं छोटं विमान मागच्या शेडमध्ये तसंच उभं. पंख झाले, चाकं झाली, नाक रिकामं.

९ सप्टें.
तसंही भैयाचं इंजिन चार सिलिंडरचं, बिडाचं. रेडिएटर, पाणी, विमानाच्या पुढच्या पंख्याची कप्पी धरली तर नाक जड होते. मले पाहिजे तीन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं. तसं एक घरातच आहे. अंगणात, ताडपत्रीखाली, बंटीच्या गाडीत.
हे लिहायले नको होतं.

१० सप्टें.
दिवसभर तेच डोक्यात. धाकट्या भावाच्या, बंटीच्या, गाडीले रात्री ट्रकनं मागून उडवलं अन् तो गेला, तेव्हा ती तेलीबांध्याच्या पुढे भर रस्त्यात उभी होती. ट्रकवाला एकच धरून बसला, "गाड़ी खड़ी थी साहब, बत्ती भी बंद थी." मागचं सगळं चेपलं, पुढचं जसंच्या तसं. इंजिन बंद पडलं असं आम्हीच ठरवून टाकलं. तपासलं कोणीच नाही. बत्तीचं आईले सांगितलं नाही. ती अजून ताडपत्रीकडे पाहून म्हणते, "खाल्लं मेलीनं माझं लेकरू."

११ सप्टें.
इंजिन काढलं. घरचंच आहे, विकत थोडंच घेतलं? वर्षाले हेच सांगितलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ सप्टें., शनि.
लोखंडी स्टँडवर बसवलं. माझ्या कामाच्या वर्कशॉपमधून मागून आणलेली बॅटरी, ताजं पेट्रोल. सेल्फ मारला अन् लागलीच सुरू झालं. बाप्पा! तोच आवाज.
आतून आई: "बंटी, चहा ठेवू का रे?"
मी इंजिन बंद केलं. स्वयंपाकघरात चहाचं भांडं परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

१४ सप्टें., रवि.
अष्टमी, बंटीची तिथी. कढी, वडे, खीर. पान वाढलं. आई पानाशी बोलत होती, "सावकाश जेव." इंजिनाले आज हात लावला नाही, तरी दुपारभर आवाज येत होता. वर्षा म्हणे, शेजारचा मिक्सर आहे. मिक्सर नव्हता. मले आवाज कळते.

१७ सप्टें.
वर्कशॉपमधून आलो तसा शेडमध्ये. विमानाचा पंखा लावून लोडवर चालवलं. मुद्दाम तापवलं, वायरी हलवल्या, पेट्रोलचा कॉक अर्धा फिरवला. पठ्ठ्यानं एक ठोका चुकवला नाही. विमान बांधणारा दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मी मात्र हिशोब मांडत बसलो. इंजिन इतकं चांगलं असेल तर ते बंद पडलं नव्हतं. म्हणजे गाडी बंटीनं स्वतः, बत्ती बंद करून...
नाही. गाडीतली बॅटरी जुनी होती, पेट्रोलात कचरा असेल. असू शकतो. काहून नाही?
पड ना रे बंद. एकदा तरी पड.

१८ सप्टें.
पुन्हा चालवलं. चाललं.

१९ सप्टें., शुक्र.
आई शेडमध्ये आली. कधी येत नाही. खुर्ची ओढून बसली, ऐकत राहिली.
"हे तं चांगलं चालून राहिलं."
"हव."
"मंग तो थांबला काहून?"
ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग लाज वाटली, बंद केलं अन् म्हटलं, "बॅटरीची तार सैल असंल."
"तू पाह्यली का तार?"
नाही म्हणालो. मले खोटं बोलता येत नाही अन् खरं मलेच माहीत नाही.

२१ सप्टें., रवि.
सर्वपित्री. आई जेवली नाही. वर्षा कडाडली, "काय करून ठेवलं तुम्ही! एवढे दिवस ती गाडीवर चिडायची, सुखानं चिडायची. आता कोणावर चिडंल?"

२२ सप्टें., सोम.
घट बसले. सकाळीच भैयाचा फोन, "दादा, ले जा रहे हो कि नहीं? दूसरा ग्राहक खड़ा है." म्हटलं, सांगतो. वर्षानं घटाची माती पसरता पसरता ऐकलं. "आणा ते. आता चालते." पण त्याच्यानं नाक जड होते, अन् वजनापायी माणसं विमानासकट पडली आहेत. हलकं, चांगलं इंजिन शेडमध्ये आहे, अन् ते नाकात बसवणं म्हणजे आईले सांगणंच, की गाडी बंद पडली नव्हती.
आई माझ्यामागून शेडमध्ये आली. "कोणतं बसवून राहिला?"
"ठरलं नाही."
स्टँडवरच्या इंजिनाले हात लावला. मग म्हणाली, "खराब असंल तं त्याच्यावर बसू नको, बापा. अन् चांगलं असंल तं मले सांगू नको."
कसं करू? बंटीचं बसवलं तर तिले कळणारच, भैयाचं बसवलं तर नाक जड. भैयाले अजून फोन केला नाही.