आतल्या खोल्यांची किंमत

आंटी, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून जन्म काढला, तिथे पत्र कसलं लिहायचं? आणि तुम्ही गेल्यावर तर प्रश्नच मिटला. पण आज घरात एक शब्द बोलला गेला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तो शब्द कोणता, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकूनच घेणार नाही, स्वभाव माहीत आहे मला तुमचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नवऱ्याच्या मागोमाग कतारला, दोह्यात आले, अल हिलालच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसायची. कोणीतरी सांगितलं की बलदियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, एक बाई हवी आहे. काम काय, तर रस्ते रुंद होणार, जुनी घरं जाणार, त्या घरांची किंमत ठरवायची. मी घाबरले. मला भिंतीतलं काय कळतंय? पहिल्या दिवशी ऑफिसात तसं म्हटलं, तर तुम्ही टेबलापलीकडे खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "भिंती पुरुष बघतात गं. अंगण, गच्ची, पाण्याची टाकी, पाहुण्यांची मजलिस, सगळं ते बघतात. पण आतल्या खोल्यांत त्यांना कोण घेणार? तिथे आपण जायचं." तेव्हा कुठे मला उमगलं. घराच्या बायकांकडच्या बाजूला परक्या पुरुषाला जाता येत नाही, म्हणून त्या अर्ध्या घरासाठी आख्ख्या ऑफिसात फक्त तुम्ही होतात. वसईच्या. आधी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात क्लार्क होतात, तिथल्या म्हाताऱ्या पेशंटांकडून अरबी शिकलात. ती अरबी इतकी घरगुती होती की आमचे इंजिनीअर साहेबसुद्धा हसायचे. ते सुदानचे होते, भले गृहस्थ. म्हणायचे, मॅडम बोलतात तेव्हा मला माझी आजी रागावल्यासारखी वाटते.

तुम्ही मला काम शिकवलंत ते ऑफिसात नाही, नजमा भागातल्या तुमच्या घरी, स्वयंपाकघरात. शुक्रवारची सुट्टी, एका गॅसवर सुक्या बोंबलांचं कालवण, दुसऱ्यावर भात, आणि मी ओट्याखाली गुडघे टेकून बसलेली. "कपाटाचं वय वरच्या पॉलिशवरून नाही कळत. खालची फळी बघ. सिंकजवळ पाणी पिऊन ती फुगते. बिजागरी हलवून बघ. आता सांग, किती वर्षांचं?" मी काहीतरी ठोकून द्यायची. तुम्ही हसायचात आणि पुन्हा बघायला लावायचात. जे उचलून नेता येतं ते माणसाबरोबर जातं, जे भिंतीला धरून आहे त्याचीच भरपाई, हा आमच्या कामाचा पाया. फरशा, बसवलेली कपाटं, ओटा, न्हाणीघर, छताची नक्षी. पण त्याच्याही आधीचा धडा वेगळाच होता, आणि तो मी चुकून शिकले.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका घरात आपल्याला पितळी तबकातून खजूर आले. तबकावर सुरेख वेलबुट्टी. मी नुकत्याच शिकलेल्या अरबीचा दिमाख दाखवत तबकाला बोट लावून म्हणाले, "हिलू!" छान! झालं. यजमानीणबाईंनी खजूर दुसऱ्या ताटलीत ओतले आणि तबक पुसून माझ्या मांडीवर ठेवलं. घे, तुझं. मी नको म्हणते, त्या घे म्हणतात, त्यांचा चेहरा उतरत चाललाय. तुम्ही पुढे सरसावलात. नवीन आहे, भाषा येत नाही, तिला खजूर छान म्हणायचंय, असं काहीतरी सांगून तुम्ही तबक परत खाली ठेवलंत. मग काय, खजूर छान म्हटल्यावर खजूर येतच राहिले आणि तुम्ही मला ते सगळे खायला लावलेत. बाहेर गाडीत बसल्यावर मात्र तुमचा पारा चढला. "इथे एखाद्या वस्तूला छान म्हटलंस की ती तुझी झाली. द्यायची त्यांची रीत आहे. आणि आपण कोण? त्यांच्या घराची किंमत लिहिणारे. आपण काही घेतलं तर उद्या लोक काय म्हणतील? नोकरी जाईल डिअर, आणि त्यांच्या फाइलवर डाग लागेल तो वेगळाच. दारातून आत गेलीस की तोंडाला कुलूप. डोळे उघडे, तोंड बंद. खलास." मला तेव्हा फार राग आला होता तुमचा. पोटही दुखत होतं.

नंतर मात्र मी तुम्हाला बघत शिकले, आणि बघता बघता तुमची भक्तच झाले म्हणा ना. तुम्ही आत गेल्याबरोबर कधी भिंतीकडे बघितलं नाहीत. आधी बसायचं, कॉफी घ्यायची, छोटा फिंजान, म्हणजे कॉफीचा कप, हलवून पुरे म्हणेपर्यंत घ्यायची, मुलाबाळांची चौकशी करायची. तेवढ्यात तुमच्या डोळ्यांनी सगळी खोली पाहून झालेली असायची, हे माझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. पण चेहरा? बँकेच्या काउंटरवरच्या माणसाचा असतो तसा. सोन्याच्या नळाकडे आणि गळक्या नळाकडे तुम्ही सारख्याच नजरेने बघायचात. कोणाचा संसार गरिबीचा असला तर त्याची कीव तोंडावर नाही, श्रीमंतीचा असला तर कौतुक नाही. एवढी वर्षं आपण घराघरांत फिरलो, तुम्ही एकाही वस्तूला छान म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदाच सोडून.

ते घर अल वक्र्याचं. समुद्रापासून फार लांब नाही, भिंतींना मिठाची पांढरी पुटं चढलेली. नवरा वारलेली एक म्हातारी बाई मागच्या दोन खोल्यांत राहायची. त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नवऱ्याने तिच्या नावावर करून ठेवलं होतं, बाकीचं घर सावत्र मुलाचं. मुलाच्या बाजूचं काम पुरुषांनी केव्हाच उरकलं होतं. म्हातारी मात्र आपल्याला आत घेईना. पहिल्यांदा गेलो तर झोपलीय म्हणून निरोप. दुसऱ्यांदा गेलो तर कॉफी दिली, पण आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. म्हणाली, "हे घर आहे, सूक नाही. बाजारात भाव करा, माझ्या घरात नाही." मुलगा वाईट नव्हता बिचारा. तो बाहेर मजलिसमध्ये बसून मधूनमधून खोकायचा. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: तिसऱ्या खेपेला आतली बाजू बघायला मिळाली नाही तर फाइल आहे तशी पुढे जाईल. म्हणजे तिच्या खोल्यांची वेगळी नोंदच न होता भरपाई सगळी मुलाच्या नावे निघेल, आणि म्हातारीने उरलेलं आयुष्य त्याच्या बायकोच्या हाताकडे बघत काढायचं. हे तिला समजावून सांगायला गेलं तर ती कानावर हात ठेवायची.

तिसरी खेप. उन्हाळा, गाडीचं दार हाताला चटका देतंय. म्हातारी तशीच बसलेली, दाराला पाठ. समोर लाकडी धूपदान, त्यात ऊद धुमसतोय. त्याच्या अंगावर बारीक बारीक आरसे बसवलेले, निम्मे गळून गेलेले, एक पाय तुटून त्याला दोरा गुंडाळलेला. बाजारात कोणी फुकट घेतलं नसतं. तुम्ही कॉफी घेताय. मी कागद मांडीवर धरून घामाघूम झालेय. आणि मग तुम्ही पुढे वाकलात, धुरावर हात फिरवून तो तोंडाजवळ नेलात, धूपदानाकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "हिलू. फार हिलू आहे."

माझ्या हातातून पेन पडलं. मला वाटलं, उन्हाने आंटींच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हातारी तुमच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उघडला. दात फारसे नव्हते, पण ती हसली हो. "घे," ती म्हणाली. तुम्ही वरवरसुद्धा नको म्हणाला नाहीत. म्हणालात, "तुझ्या हातचं आहे, घेते." तिने निखारे स्वतः काढले, राख स्वतः झाडली, स्वतःच्या ओढणीच्या टोकाने एकेक आरसा पुसला. मला मदत करू दिली नाही. तुमच्या मांडीवर ते ठेवून तिने तुमच्या डोक्यावर हात ठेवला, तुम्ही काही तिच्याहून फार लहान नव्हतात तरी. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाली, "यल्ला, या. काय बघायचं ते बघा." आतल्या खोलीत छताला नक्षीची लाकडं होती. मी इतकी सुंदर लाकडं तोवर पाहिली नव्हती. तुम्ही त्यांच्याकडे गळक्या नळाकडे बघायचात तसं बघितलंत आणि मला एकेक नग लिहायला सांगितलात. एकही सोडू दिला नाहीत.

वाटेत मी म्हटलं, आंटी, हे आपण गाडीतच ठेवू, कोणाला कळणार आहे? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी खिडकीबाहेर बघायला लागले. ऑफिसात शिरलात त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये, धूपदान त्यांच्या टेबलावर. मी दारात उभी. "मी हे घेतलंय," तुम्ही म्हणालात. "मागून घेतलंय. छान म्हटलं म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं." साहेबांनी चष्मा काढला. नियम त्यांनी तुम्हाला सांगायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "का, मॅडम?" आणि तुम्ही म्हणालात, "दोन महिने त्या घरात जो तो घ्यायलाच येतोय, सर. तिला एकदा द्यायचं होतं. ते झाल्याशिवाय ती दार उघडणार नव्हती. त्यातल्या त्यात ज्याला काही किंमत नाही असं बघून घेतलं."

साहेबांनी ते आरसे गळालेलं धूपदान हातात घेऊन फिरवून पाहिलं. परत केलं तर म्हातारीचा अपमान, ठेवलं तर तुमच्यावर ठपका. शेवटी त्यांनी ते ऑफिसच्या खिडकीत ठेवून दिलं आणि तुमच्या फाइलला एक मेमो लावला, कारण तो न लावून भागणार नव्हतं. तुमची त्या वर्षीची बढती गेली. काही महिने तुम्हाला बाहेरच्या कामावर पाठवलं नाही, मी एकटी घराघरांत जायची आणि कुठे अडले की तुम्हाला फोन लावायची. तुम्ही टेबलावरून सांगायचात, खालची फळी बघितलीस का? कुरकुर नाही, उसासा नाही. म्हातारीच्या खोल्यांचे पैसे तिच्या स्वतःच्या नावाने निघाले, त्या दिवशी तुम्ही ऑफिसात सगळ्यांना कुनाफ्याची मिठाई वाटलीत. लोकांना वाटलं तुमचा वाढदिवस आहे.

मी एकदा तुमच्या स्वयंपाकघरात विचारलं होतं, "आंटी, खरं सांगा, ते धूपदान तुम्हाला आवडलं होतं?" तुम्ही म्हणालात, "भात लागतोय बघ." भात काही लागत नव्हता. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, बलदियात तर पदव्यांना तोटा नव्हता. पण माणसाचं काय चाललंय हे बघून आपल्या नोकरीची पर्वा न करता एक शब्द बोलायचा, आणि तो कोणत्या वस्तूबद्दल बोलायचा हेही अचूक जोखायचं, हे मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. तोंडावर सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर तुम्ही मला बोंबील साफ करायला बसवलं असतं.

मग तुम्ही रिटायर होऊन वसईला गेलात. मी सुट्टीवर आले तेव्हा भेटायला आले, ती शेवटचीच भेट. तुम्ही खुर्चीत, पायांवर चादर, हात मांडीत. सूनबाई गुणी, सगळं बघणारी. पण ती एकेक वस्तू उचलून विचारत होती, "मम्मी, हे काढू का? मम्मी, हे आता लागणार नाही ना?" कपाट तिच्या नणंदेकडे गेलं, मिक्सर शेजारी गेला, दोह्याचे गालिचे कोणी कोणी नेले. तुम्ही नुसती मान हलवत होतात. तुम्ही, आणि नुसती मान! मला ते बघवेना. शोकेसवर एक काचेचा मोर होता, निळा-हिरवा, पिसाऱ्यात सोनेरी चकाकी, मानेत प्लॅस्टिकचा गुलाब. मी म्हटलं, "आंटी, हा मोर किती छान आहे हो!"

तुम्ही मोराकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मग सूनबाईंना तुमच्या जुन्या आवाजात हुकूम सुटला: पेपर आण, दोरी आण, तू नको बांधूस, इकडे दे. पिसाऱ्याच्या प्रत्येक टोकाला तुम्ही वेगळा कागद गुंडाळलात. मी उंबऱ्यावर चपला घालत होते तेव्हा मागून म्हणालात, "एवढी वर्षं शिकवलं, तरी तोंडाला कुलूप नाही तुझ्या." आणि हसलात.

आज सकाळी लेक त्या मोराकडे बघून म्हणाली, "आई, इट्स सो अग्ली. व्हाय डू वी ईव्हन कीप इट?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. अग्ली. हाच तो शब्द, आंटी. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुमच्यापर्यंत हा कागद पोचायचा नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. आंटी, तो मोर मला मुळीच आवडला नव्हता. अजूनही आवडत नाही. पण पुसायला मी तो कोणाच्या हातात देत नाही.