बिल्ला नंबर सतरा

२ नोव्हेंबर
ढब्बूला आमच्या श्वान क्लबच्या आज्ञापालन चाचणीत उतरवायचं नक्की केलं. बायकोने अट घातली: कुत्रा पास झाला तर रविवार क्लबचे. नापास झाला तर मी नियम समिती सोडायची आणि रविवार घरचे. लगेच कबूल केलं. चाचणीचे नियम मीच लिहिलेत आणि माझ्याशिवाय ते कोणी पूर्ण वाचलेले नाहीत. म्हणजे निम्मं काम झालंच.
घाई केली का? जेवताना पुन्हा विचार केला. नाही.

५ नोव्हेंबर
सराव. ‘ये’ ही आज्ञा एकदाच द्यायची. कुत्र्याने सरळ येऊन मालकाच्या डाव्या हाताला बसायचं. मी एकदाच दिली. ढब्बू सोफ्याखाली. दुसरी आज्ञा नियमात बसत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मुलगी म्हणाली, बाबा, तू त्याला बोलवत नाहीस, नोटीस काढतोस. आगाऊ आहे. तरी आपला आवाज जरा सरकारी येतो का, हे तपासायला हवं.

९ नोव्हेंबर
बिल्ला आला. सतरा.
आता अवघड भाग. कुत्र्याला ‘थांब’ सांगून मालकाने पडद्याआड जायचं. गेल्या वर्षी आमचे दंतवैद्य अध्यक्ष पडद्याआडून डोकावून कुत्र्यावर डोळे वटारत होते. म्हणून मी नियम सुचवला: निरीक्षकाने बिल्ल्याच्या नंबराने पुकारल्याशिवाय मालकाने बाहेर यायचं नाही. एकमताने मंजूर. बरेच सदस्य चहाला गेले होते, पण एकमत ते एकमत.
घरी पडदा नाही, म्हणून बाथरूममध्ये उभा राहिलो. ‘सतरा नंबर’ असं पुकारा म्हणून सांगून ठेवलं होतं. बायको म्हणाली, नवऱ्याला नंबराने हाक मारायला हा काय तुरुंग आहे? मग कोणीच पुकारेना. शेवटी सासूबाई अंघोळीला म्हणून आत शिरल्या. नियमभंग त्यांचा, माझा नाही.

१४ नोव्हेंबर
ढब्बू थांबला! हलला नाही! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मागाहून कळलं, झोपला होता. झोपू नये असं नियमात कुठेही नाही.

१९ नोव्हेंबर
गेले चार दिवस ‘थांब’ म्हटल्यावर ढब्बू झोपतही नाही. नाव मागे घ्यावं का? पण त्याला पशुवैद्याचा दाखला लागतो (नियम माझाच). दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, तुम्हाला देऊ का दाखला? हसलो. हसायला नको होतं.

२२ नोव्हेंबर, सकाळ
ढब्बूच्या डोळ्यांत आज जबाबदारी दिसतेय.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
त्याला ‘थांब’ म्हटलं आणि पडद्याआड गेलो. बाहेर हशा पिकला. मनावर घेतलं नाही. मग निरीक्षकाने हाक मारली, अहो नियमवाले, या बाहेर, आटोपलं तुमचं. नंबर नाही. मला जाळ्यात पकडतोय हे ओळखलं. थांबलो. मग अध्यक्ष ओरडले, अहो, कुत्रा केव्हाच गाडीत जाऊन बसलाय, तुम्ही कोणाची वाट बघताय? तेही बिननंबरी. त्यांचा तर गेल्या वर्षीचा राग आहे.
पाय दुखायला लागले. बक्षीस समारंभ झाला, टाळ्या ऐकल्या. निरीक्षक घरी गेला असेल तर नंबर कोण पुकारणार, याची तरतूद मी केलेली नाही, हे तेव्हा लक्षात आलं.
मांडववाले आले. एकाने पडदा सोडवून घडी घातली आणि म्हणाला, साहेब, जरा सरका, खांब काढायचाय. सरकलो. पण मी बाहेर आलो असं म्हणता येणार नाही. बाहेरच आत आलं.
मैदान रिकामं. मी पाठ फिरवताच ढब्बू उठला होता म्हणे.
बायको गाडी माझ्यापर्यंत घेऊन आली. मागे मुलगी, तिच्या मांडीवर ढब्बू. वाटलं, आता रविवारचं काढणार. काढलं नाही. काच खाली करून ‘ये’ म्हणाली. एकदाच.
सरळ गेलो. तिच्या डाव्या हाताला बसलो.