कलती खिडकी

३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपली गाडी जेवण आणि झोप यांच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. पाच देशांतून या शिबिराला आलेल्या आम्हा वीस चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची आता बऱ्यापैकी घडी बसली आहे. माझ्या खोलीतली मुलगी माझ्याहून हातभर उंच, तिला मी ताडमाड म्हणते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. तिसऱ्याच एका भाषेतले दोघींना जेमतेम दोनशे शब्द येतात. तेवढ्यावर आम्ही तीन आठवडे पोट दुखेपर्यंत हसलो. माझे मोजे ती घालते, तिचा कंगवा मी वापरते. अशी मैत्रीण मला आजवर मिळाली नव्हती, आणि ती मी घालवून बसले आहे.

त्याचं असं झालं. आमच्या खोलीचं चित्र दोघींनी आपापलं काढायचं आणि प्रदर्शनात ती शेजारी शेजारी लावायची, असं काम आहे. तिच्या चित्रातली खिडकी एका बाजूला कलली होती. ती आंघोळीला गेली तेव्हा मी पट्टी लावली, ब्रश घेतला आणि खिडकी सरळ केली. आपल्या पाट्यांच्या कारखान्यात करतो तसंच. ज्याला वाकडं दिसेल त्याने नीट करायचं, विचारत बसायचं नाही. ती आली, चित्राकडे बघितलं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि निघून गेली. मी दहादा माफी मागितली. चार दिवस झाले, बोलत नाही, दुसऱ्या टेबलावर जेवते. काल तिने स्वतःचं चित्र लावू नका म्हणून सरांना सांगितलं. प्रदर्शन अठराला आहे आणि महिनाअखेरीला आम्ही सगळे पांगणार. मी काय करू?

मावशीला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारूताई


८ ऑक्टोबर

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. पाकिटातून पेन्सिलीचा भुसा पडला, म्हणजे कुरतडणं सुटलेलं नाही. नाव सार्थ करते आहेस.

खिडकी वाकडी होती ना? मग सरळ केलीस त्यात बिघडलं काय? एकवीस वर्षं हा पाट्या रंगवायचा कारखाना मी आणि तुझी मावशी चालवतो. तिची किती अक्षरं मी सरळ केली असतील, तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही. पुढे तिला अक्षरांचा कंटाळा आला आणि ती पाट्यांना नुसता खालचा अस्तराचा रंग मारायला लागली, ती गोष्ट वेगळी. मानापमान मध्ये आणला की कामाचं मातेरं होतं. तुझ्या ताडमाडीचा रुसवा आहे, उतरेल. तू आपलं चित्र पुरं कर आणि वेळेवर जेव.

आशीर्वाद मागायची गरज नाही, ते रोजचेच आहेत.

तुझी,
आई


८ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र आणि तिचं उत्तर मला वाचून दाखवलं, त्यामागोमाग हे गुपचूप टाकते आहे. तिला कळवू नकोस. कळलं तर तिला वाईट वाटेल, आणि वाईट वाटलं की ती आधी मलाच ओरडते.

मला अक्षरांचा कंटाळा कधीच आला नव्हता. मी पाटी रंगवून घरी जायचे आणि सकाळी येऊन बघावं तर माझ्या अक्षराच्या जागी ताईचं अक्षर. माझ्याहून छान. छान असायचं, म्हणूनच जास्त दुखायचं. तक्रार तरी कशाची करणार? एक दिवस म्हटलं, मी आपली अस्तर मारते. तिने मान डोलावली आणि पुढची पाटी घेतली. बारा वर्षं झाली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझंही चुकलंच.

तुझी आई मनाने सोन्यासारखी आहे, हे तुला मी सांगायला नको. माझ्या आजारपणात महिनाभर उशाशी बसून होती. पण तिला वाकडं तेवढं दिसतं, ते वाकडं का, हे दिसत नाही. माफी पुरे झाली. आता त्या मुलीला एवढंच विचार, की तिला खिडकी तशी का दिसली.

हे वाचून फाडून टाक. माया आहे, ती वाढतेच आहे.

तुझी,
मावशी


१९ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल प्रदर्शन झालं. तुझं ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी ताडमाडीला विचारलं, तुला खिडकी तशी का दिसली. हे मला सुचलेलं नाही. कोणी सुचवलं ते विचारू नकोस.

तिने बोलायच्या भानगडीत न पडता माझा दंड धरला, मला तिच्या कॉटवर आडवं केलं आणि दुमडलेल्या उशीवर डोकं ठेवून कुशीवर वळवलं. आई, तिथून खिडकी कललेली दिसते. तिने काढली होती अगदी तेवढीच. मग एकेक शब्द गोळा करून तिने सांगितलं. पहिला आठवडाभर घरच्या आठवणीने ती रोज दुपारी खिडकीकडे तोंड करून रडत होती, मला कळू नये म्हणून. मी तिला आळशी समजून तिची चादर ओढत होते. मला फार लाज वाटली.

तिने माझा रंग खरवडला आणि खिडकी पुन्हा काढली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. दोन्ही चित्रं शेजारी लागली. ती आता माझ्या टेबलावर जेवते. पण पूर्वीसारखं झालेलं नाही. मी ब्रश उचलला की तिचं लक्ष माझ्याकडे जातं. उरलेले दिवस पुरतील की नाही, ठाऊक नाही.

एक विचारू? मावशीला अक्षरांचा कंटाळा आला, हे तिने सांगितलं होतं, की तुला वाटलं?

उत्तर उशिरा दे, पण खरं दे.

तुझी,
खारूताई


२६ ऑक्टोबर

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

कोणी सुचवलं ते विचारत नाही. या घरात तिसरं आहे कोण?

मला वाटलं होतं. तिने सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस गेले. मग तुझ्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, जुनं झालं, सोड, आणि रंगाचा डबा ढवळत राहिली. मघाशीच ढवळून झालेला होता तो. मला पाटीतला केसभर बाक लांबून दिसतो, आणि बारा वर्षं शेजारी बसलेली बहीण दिसली नाही. मला रडू आलं. ती मलाच पाणी द्यायला धावली.

ताडमाडीला माझे आशीर्वाद सांग, दोनशे शब्दांत बसत असतील तर.

आज एका शिंप्याची पाटी होती. माझा ब्रश तुझ्या मावशीच्या हातात दिला आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. तीनदा उठून दारापर्यंत गेले, तीनदा परत बसले. दुपारी तिने हाक मारली, झाली म्हणाली, ये बघायला. दुसरं अक्षर जरा झुकलं आहे. ती पाटीकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. मी हात पाठीमागे धरले आणि शिंप्याला निरोप धाडला, की पाटी तयार आहे, घेऊन जा.

वाट बघते आहे.

तुझी,
आई