उजव्या हाताचा मोजा

क्लेमेंटी, सिंगापूर
२ मे २००४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मेतकुटावर रूममेटनी डल्ला मारला, तेव्हा आणखी पाठव. इथे उकाड्याने जीव जातो आणि मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात दिवसभर बर्फ रंगवतो. रशियातल्या यादवीवर काँप्युटर गेम करतोय. १९१९ साली तिथे लढायला गेलेले ब्रिटिश मरीन, म्हणजे आरमाराचे सैनिक, आणि उत्तरेकडची हाडं गोठवणारी थंडी.

रागावू नकोस. एका मरीनला मी अंकुरदादाचा चेहरा दिला. सगळ्यांच्या तोंडातून वाफ येते, त्याच्या येत नाही. तुकडी पुढे जाते, हा झोपडीच्या दारात थांबतो. मी दोन्ही हातांत मोजे रंगवले होते, पण उजवा हात रोज उघडाच दिसतो. अवनी, माझी सहकारी, म्हणते डिलीट करून टाक. मला धीर होत नाही.

लडाखला दादाच्या तुकडीवर हिमकडा कोसळला तेव्हा त्याचा, तू विणलेला, उजवा मोजाच तेवढा सापडला. चार वर्षं तो तुझ्या कपाटात आहे, आणि तू क्रियाकर्म करू देत नाहीस. आई, त्याला थंडी वाजतेय गं.

तुझा,
रुचिर

सातारा
११ मे २००४

चि. रुचिर यास,
अनेक आशीर्वाद.

मेतकूट तिकडे निघालेल्या प्रबोधबरोबर पाठवते. या खेपेला कुलपात ठेव.

तुझं पत्र वाचून संताप आला. मोजा सापडला म्हणजे माणूस गेला, हे मी कधीच मानलं नाही. तो येऊन मागेल म्हणून जपलाय.

आज कपाट उघडलं. बाहेर ऊन रणरणतंय आणि मोजा ओलागच्च, इतका गार की बोटं बधिर झाली. खालची साडी मात्र कोरडी. कितीतरी वेळ छातीशी धरून बसले, तरी तो ऊब घेईना.

त्याने मागितलाच म्हणायचा. रविवारी माहुलीला संगमावर त्याच्या देहाऐवजी दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी करतेय. मोजा तिच्या उजव्या अंगाला ठेवीन. मला फार भीती वाटते. तू त्याला खेळातून पुसून टाकू नकोस.

तुझी,
आई

क्लेमेंटी
१९ मे २००४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं. रविवारी विधी होता हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी राहिलेलं काम उरकायला मी सहज ऑफिसात गेलो होतो.

पडद्यावर दादा झोपडीच्या दारातच उभा होता. बघता बघता उजवा हात झाकला गेला. मोजा मरीनचा नव्हता, करडा, तुझ्या विणीचा होता. त्याने तो हात वर केला आणि तुकडीमागे चालू लागला. जाताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली, एकदाच. मग दिसेनासा झाला. मी खूप रडलो.

झोपडीचं दार उघडंच ठेवलंय. तुझी माया आम्हां दोघांवर अशीच राहू दे.

तुझा,
रुचिर