डाव्या हाताची बाही

ती. आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं आणि पाठ तर अजिबात दुखत नाही.

कारखान्याने आम्हा पॅकिंगवाल्यांना नवं जॅकेट दिलंय. त्याच्या धाग्यांना आपण वाकलेलं कळतं, मग ते विजेवर आकसतात आणि आपल्याला सरळ करतात. तुझं ‘पोक काढून बसू नकोस’ आता कापडच म्हणतं.

फक्त डाव्या हाताने खोकं उचलायला गेले की डावी बाही आवळते आणि उजवी बाही उजव्या हाताला पुढे ढकलते. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "अगं, चुकीची हालचाल ते सुधारतं."

"चुकीची नाही, मी डावरी आहे."

"होईल सवय," म्हणून हसल्या. सवय मला होईल की जॅकेटला, ते मात्र सांगितलं नाही.

शाळेत डाव्या हाताने लिहिते म्हणून माझ्या हातावर पट्टी बसली तेव्हा तू भर वर्गात येऊन भांडली होतीस. बाबा अजून त्यावरून चिडवतात का? त्यांचा गुडघा कसा आहे? गुडघ्यासाठी असलं कापड कोणी देऊ केलं तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आज जॅकेट खुंटीला टांगूनच लिहायला बसले. पहिली ओळ झाल्यावर पाहिलं, तर पेन उजव्या हातात होतं. मग हात बदलला. ती ओळ वाकडी यायला हवी होती ना? मला तर सगळं अक्षर सारखंच दिसतंय. तू नीट बघ आणि खरं काय ते कळव.

तुझी, अजून तरी,
डावरी