सासूबाईंचं तोंड

सोमवार
पोहोचले एकदाची! आणि घर काय मिळालंय म्हणून सांगू! उंच अरुंद खिडक्या, भिंतीवर काळपट वेल, पाय ठेवताच करकरणारा जिना. पडके मनोरे, कवट्या आणि कावळे यांच्या पुस्तकांवर पोसलेल्या बाईला आणखी काय हवं? मी दारातच टाळ्या पिटल्या. मालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या पायपुसण्यावर चिखल सांडलाय.

काम सरळ आहे. त्यांच्या सासूबाईंचं तैलचित्र धुराने काळं पडलंय. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. चित्र उजळायचं, मग ते विकायचंय. कपडे, हात, खुर्ची काय हवं ते साफ करा, पण तोंडाला हात लावू नका, असं बजावलं. बघते तर ओठांवर कुणीतरी मुद्दाम काजळी फासलेली. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, सासूबाई होत्या तोवर या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. अशी ताकीद म्हणजे मला आमंत्रणच की!

संध्याकाळी खालच्या फोनवरून धाकट्या बहिणीला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती म्हणाली, ताई, पुरे आता. बिचारीला मी लहानपणापासून छळत आलेय. तिच्या डब्यात, उशीखाली, चपलेत चिठ्ठ्या ठेवायचे: ‘पळ, मागे बघू नकोस.’ आधी रडायची, आता खो-खो हसते. रविवारी भेटायला येणार आहे. आईबाबांच्या मागे आम्ही दोघीच एकमेकींना.

बुधवार
मालकीणबाई धड बोलत नाहीत. चहा दारात आपटून जातात. मी शीळ घालते त्याचाही त्यांना त्रास. जाऊ दे.

सासूबाईंचे हात काय सुंदर निघालेत! जुन्या चित्रावरच्या काजळीला आपल्या थुंकीसारखं औषध नाही, हे ऐकून लोक नाकं मुरडतात, पण आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलक्या हाताने फिरवायचा. चित्रावर फिरवलेला बोळा मात्र परत तोंडात घालायचा नाही. शिकाऊ मुलींना मी हेच पहिल्यांदा शिकवते.

गुरुवार
राहवलं नाही. मालकीणबाई बाजारात गेल्या आणि मी ओठांना हात घातला. बारीक ओठ, गच्च मिटलेले. डोळेही आता वेगळे वाटतात, माझ्यावर चिडल्यासारखे. काय खूश झाले मी! आणि त्या नादात वापरलेला बोळा परत तोंडात घातला. इतक्या वर्षांत कधी केली नव्हती ही चूक. जळकट, कडू चव. चुळा भरभरून दमले, जात नाही.

शुक्रवार
तोंड कोरडं ठणठणीत. पाण्यावर पाणी पितेय, उपयोग शून्य. चित्रातले ओठ मात्र ओले दिसतात. वॉर्निशची चमक असेल.

मालकीणबाईंनी पाहिलं. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. काय केलंत हे, एवढंच म्हणत राहिल्या. मी समजूत घालायला गेले तर घशातून नुसती खरखर. धाकटीला फोन केला, तिला माझं काही कळेना. लाइन खराब आहे, रविवारी बोलू, म्हणून तिने ठेवून दिला.

शनिवार
आवाज गेला. पार गेला.

बॅग भरली. दाराला बाहेरून कडी. मी दार बडवतेय आणि पलीकडे मालकीणबाई रडताहेत. म्हणाल्या, माझा इलाज नाही, त्यांनी सांगितलंय कडी लाव म्हणून. कुणी?

मग माझ्या पाठीमागून, चित्राकडून, ऐकू आलं. माझा आवाज. माझाच.

हिचं तोंड आटलं, म्हणाला. उद्या बहीण येतेय. तिला वर पाठव.

पुन्हा काजळी फासून पाहिली. टिकत नाही, ओठ ओले आहेत. सुरी घेतली, त्या ओठांवर टेकवली — माझाच ओठ फाटला. रक्तसुद्धा आलं नाही नीट.

मी भ्यालेय. खूप.

रविवार
फाटक वाजलं. धाकटी.

खिडकी उघडत नाही. काचेवर हात आपटले. तिने वर पाहिलं, हसली, हात हलवला —

माझा आवाज तिला हाक मारतोय. तिचं घरातलं लाडाचं नाव घेऊन. लवकर वर ये, गंमत दाखवते —

जिना करकरतोय.

पान फाडलं. लिहिलं, पळ, मागे बघू नकोस. दाराखालून सरकवलं. दुसरं काही सुचलंच नाही —

थांबली. कागद उचलला.

हसतेय. खो-खो हसतेय. ताई, पुरे आता, म्हणतेय —

कडी. कडी काढतेय. नको गं, या वेळी खरंच —